नागपूर, जानेवारी १९९४: कॅसेटवर उरलेला एक रॉक कार्यक्रम (मदत हवी आहे)

खामलेकर

नमस्कार मंडळी,

होळीनंतर घर रंगवायला काढलं, तेव्हा माळ्यावरच्या लोखंडी पेटीतून पाच कॅसेटी निघाल्या. चार नव्वद मिनिटांच्या, एक साठची. १९९१ ते १९९६ या काळात आमच्या बॅचच्या पोरांचा एक रॉक बँड होता. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजवायचे, कधी शहरातल्या दुसऱ्या कॉलेजांच्या मैदानावर. त्यांचं हे रेकॉर्डिंग.

मी वाजवत नव्हतो. मी रेकॉर्डर सांभाळायचो. वडिलांचा एका स्पीकरचा टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र), वरच्या कोपऱ्यात बारीकसा माइक, आत चार मोठे सेल. मंडपाच्या तिसऱ्या बांबूपाशी खुर्ची टाकून त्यावर ठेवायचो. त्याहून पुढे ठेवला की ड्रमने सगळा आवाज फाटायचा, मागे ठेवला की नुसत्या शिट्ट्या यायच्या. ही जागा सापडायला मला दोन कार्यक्रम लागले होते.

या बँडची दुसरी कसलीही नोंद नाही. स्टुडिओत कधी गेले नाहीत, व्हिडिओ कुणी काढला नाही. डीप पर्पल, आयर्न मेडन यांच्या जुन्या कार्यक्रमांच्या प्रती जगभरच्या लोकांकडे आहेत, एक खराब झाली तर दुसरी मिळेल. इथे प्रत एकच आहे, आणि ती तीस वर्षं पत्र्याखालच्या माळ्यावर होती. नागपूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

तीन कॅसेटी संगणकावर उतरवल्या आहेत. अडचणी अशा:

जानेवारी १९९४ ची कॅसेट सर्वांत चांगली, पण तिचा सूर चढत जातो. शेवटच्या गाण्यात गायकाचा आवाज लहान मुलासारखा लागतो. हे सरळ कसं करायचं?

चौथी कॅसेट लावली तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो, मध्येच जातो. पाचवीवर पांढरी बुरशी दिसते. त्या दोन्हींना अजून हात लावलेला नाही.

आणि हे सगळं लोकांना ऐकायला द्यायचं तर कसं द्यावं?

संत्रानगरी

भाऊ, वाचून अंगावर काटा आला. ९४ च्या त्या गॅदरिंगला मी होतो बहुतेक! शंकरनगरहून सायकलीनं आलो होतो आम्ही पाच जण. थंडी अशी होती का हँडल धरवत नव्हतं. शेवटी लाइट गेले होते का हो?

खामलेकर

नाही, त्या वर्षी गेले नाहीत. लाइट गेले ते ९५ ला. त्याची कॅसेट तिसरी. अंधारात ड्रमर एकटाच वाजवत राहिला आणि पोरं टाळ्यांनी ताल धरून होती, ते सगळं आहे तिच्यात.

रिळवाला

खामलेकर, आधी थांबा. सूर सरळ करण्याच्या आधी मला सांगा, त्या तीन कॅसेटी कशावर वाजवून उतरवल्या?

खामलेकर

यूएसबीचा एक छोटा प्लेअर मागवला होता. त्याची वायर थेट लॅपटॉपला.

रिळवाला

मग तिन्ही पुन्हा उतरवा. वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही घाईने पहिली प्रत काढून ठेवलीत हे चांगलंच केलंत, काहीतरी हातात आहे. पण अशा प्लेअरचा वेग डोलतो आणि हेड, म्हणजे फितीवरून आवाज उचलणारा भाग, कुठल्या कोनात बसवलंय त्याचा नेम नसतो.

एखादा जुना चांगला डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं मोठं घरगुती यंत्र, मिळवा. बर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये दुरुस्ती करणारे जुने लोक अजून आहेत, त्यांच्याकडे चौकशी करा. घेताना पट्टे बदललेले आहेत का ते बघा, रबराचा पट्टा आपल्या उन्हात डांबरासारखा होतो. हेड आणि फीत ओढणारी धातूची दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. अत्तर, स्पिरिट, डोळ्यांसमोर दिसेल ते लावू नका.

आता मुख्य गोष्ट, हेडचा कोन. कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर इतक्या हळू सरकते. हेडमधली फट त्या फितीला अगदी काटकोनात हवी. रेकॉर्ड करणाऱ्या यंत्रात ती किंचित तिरकी असेल तर वाजवणाऱ्या यंत्रातही तितकीच तिरकी करावी लागते, नाहीतर वरचे सूर गळून जातात. झांजा जातात, गायकाचे स-श जातात. लोकांना वाटतं फीत जुनी झाली. बरेचदा फीत ठणठणीत असते, हेड तिरकं असतं.

तुमचा टू-इन-वन एका स्पीकरचा, म्हणजे रेकॉर्डिंग मोनो. हे तुमच्या फायद्याचं आहे. स्टीरिओ डेकवर ते वाजवलं की डावीकडे आणि उजवीकडे एकच आवाज येतो. संगणकावर एक बाजू उलटी करा, म्हणजे इन्व्हर्ट, आणि दोन्ही एकत्र ऐका. हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू हळूहळू फिरवत राहा. कोन बरोबर जुळला की दोन्ही आवाज एकमेकांना खाऊन टाकतात आणि जवळजवळ शांतता होते. तिथे थांबा, उलटी केलेली बाजू पूर्ववत करा आणि मग रेकॉर्ड करा. स्क्रू आधी कुठे होता त्याची मार्करने खूण करायला विसरू नका.

डॉल्बीचं, म्हणजे फितीची सूं-सूं कमी करणाऱ्या सोयीचं, बटण बंद. तुमच्या यंत्रात डॉल्बी नव्हतंच. फितीचा खटका नॉर्मलवर.

२४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवा. तासाला दोन जीबीच्या आसपास जागा लागते. तुमच्या पाच कॅसेटी मिळून सात तास, म्हणजे साडेचौदा जीबी. आजकाल पेन ड्राइव्हमध्ये मावतं. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा ठोका शून्याच्या ६ डेसिबल खाली राहील. आवाज कमी भरला तर वाढवता येतो, कापला गेला तर परत येत नाही.

चौथ्या कॅसेटबद्दल: उघड्या बाजूने आत बघा. मधोमध तांब्याच्या पट्टीवर लोकरीचा छोटा तुकडा दिसतो का?

खामलेकर

बघितलं. पट्टी आहे, तुकडा नाही. कॅसेट हलवली तर आत काहीतरी खुळखुळतं.

रिळवाला

तोच तो. गोंद सुकून पडला. तो तुकडा फितीला हेडवर दाबून धरतो, म्हणून गोधडीखालचा आवाज. कॅसेटला पाच स्क्रू असतील तर उघडा आणि त्याच मापाच्या दुसऱ्या नको असलेल्या कॅसेटमधली अख्खी पट्टी काढून इथे बसवा. स्क्रू नसून चिकटवलेली असेल तर कडेने पातं फिरवून उघडावी लागते, मग दोन्ही चक्र्या स्क्रूवाल्या नव्या डबीत घालायच्या. पहिल्यांदा करताना एखाद्या टाकाऊ कॅसेटवर हात बसवा. तुटलेली फीत जोडायची वेळ आली तर साधी चिकटपट्टी अजिबात नको, तिचा गोंद पाझरून शेजारच्या वेढ्यांना लागतो.

बुरशीची कॅसेट बाकीच्यांपासून लांब, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. महिनाभर वाळू द्या. चांगल्या डेकमध्ये ती घालू नका, बुरशी त्यातून पुढच्या कॅसेटवर जाते. पुसायची वेळ येईल तेव्हा तोंडावर मास्क.

सदरची

रिळवालेदादा, मी हे सगळं वहीत उतरवून घेतेय. माझ्याकडे आईच्या गाण्याच्या परीक्षेच्या कॅसेटी आहेत. एक विचारू? कोणीतरी सांगितलं होतं की जुन्या फिती ओव्हनमध्ये भाजतात, ते खरं का?

रिळवाला

ताई, ते मोठ्या स्पूलच्या काही विशिष्ट फितींचं दुखणं. त्यांचा लेप ओलावा धरून चिकट होतो, म्हणून प्रयोगशाळेत पन्नास-पंचावन्न अंशांवर काही तास ठेवतात. साध्या कॅसेटला सहसा गरज पडत नाही आणि घरच्या ओव्हनमध्ये तर कधीच नाही. वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा, एवढंच. वर्षानुवर्षं एका जागी आवळून बसलेली फीत सैल होते.

युवा_ध्वनी

वेगाबद्दल सोपा उपाय आहे. कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगमध्ये अ‍ॅम्प्लिफायरची घरघर असतेच. भारतात वीज ५० हर्ट्झची. ती घरघर संगणकावर मोजा, ५० च्या वर असेल तेवढा वेग कमी करा. परदेशात असंच करतात.

खामलेकर

हे फार छान आहे. डेक मिळाला की मोजतो.

*(तीन आठवड्यांनी)*

खामलेकर

डेक मिळाला, पट्टे नवे टाकून घेतले. दुकानातल्या काकांनी ३१५० हर्ट्झची चाचणी कॅसेट लावून वेगही बरोबर करून दिला. कोनाची युक्ती चालली! रिळवालेदादा, तुम्हाला काय सांगू. ड्रमच्या झांजा पहिल्यांदा ऐकू आल्या. गेले दोन महिने मी जे ऐकत होतो त्यात त्या नव्हत्याच.

आता घरघर मोजली. ९४ च्या कॅसेटच्या सुरुवातीला ४९.१ हर्ट्झ, शेवटच्या गाण्यात ५०.७. म्हणजे सुरुवातीला फीत हळू आणि शेवटी जलद वाजतेय? पण मला सुरुवातीचा भागही किंचित चढाच वाटतो. युवा_ध्वनी यांच्या हिशोबाने सुरुवात आणखी वर न्यावी लागेल. कान मानत नाही.

तारतंत्री

मी तीस वर्षं विजेच्या खात्यात काढली, त्यातली बरीचशी भार-प्रेषणाच्या, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा सांभाळणाऱ्या, टेबलावर. म्हणून सांगते: नव्वदच्या दशकातली घरघर ५० धरून चालू नका.

तेव्हा मागणी आणि पुरवठा यांचा मेळ बसत नसे. संध्याकाळी सगळीकडे दिवे लागले की फ्रिक्वेन्सी खाली यायची, ४९ च्या खाली, कधी ४८.५ च्याही खाली. मध्यरात्री मागणी उतरली की ५१ च्या वर जायची. आमच्या समोर काटा असायचा, त्याच्याकडे बघत रात्र काढायची. २००२-०३ मध्ये नवी दरपद्धत आली, फ्रिक्वेन्सी खाली असताना जादा वीज ओढणाऱ्याला जास्त पैसे पडू लागले, त्यानंतर काटा बराच स्थिर झाला. आज ५० धरलंत तर चालेल. १९९४ च्या जानेवारीतल्या संध्याकाळी सातला नाही. आणि मंडपवाल्याचा जनरेटर असेल तर तो इंजिनाच्या वेगावर, त्याचा तर काहीच भरवसा नाही.

तुमचा कान बरोबर सांगतोय असं मला वाटतं. दुसरं काही माप शोधा, जे विजेवर अवलंबून नसेल.

युवा_ध्वनी

हे मला माहीत नव्हतं. काकू, धन्यवाद. मी माझी दोन जुनी रेकॉर्डिंग याच पद्धतीने दुरुस्त केली होती, ती परत बघावी लागतील.

बेस_चार_तारा

बँडमध्ये कीबोर्ड होता का? असेल तर तुमचं काम झालं. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा सूर आतल्या घड्याळावर ठरतो, विजेची फ्रिक्वेन्सी काहीही असो. मधला ए (पाश्चात्त्य सप्तकातला एक सूर) म्हणजे ४४० हर्ट्झ. गिटारवाले स्टेजवर त्यालाच सूर लावून घेतात. गिटारवर भिस्त ठेवू नका, कितीतरी बँड अर्धा सूर उतरवून वाजवतात.

खामलेकर

होता! कॅसिओचा.

पहिल्या गाण्यात कीबोर्ड एकटा सुरू होतो. तिथला ए मोजला: ४४४. शेवटच्या गाण्याआधी तो गिटारला सूर देतोय, तोच ए: ४५८.

तारतंत्री काकू, आता हे बघा. सुरुवातीला फीत ०.९ टक्के जलद. ४९.१ ला तेवढ्याने भागलं तर घरघर येते ४८.७. शेवटी ४.१ टक्के जलद. ५०.७ ला तेवढ्याने भागलं तर पुन्हा ४८.७. दोन्ही टोकांना तोच आकडा!

म्हणजे त्या संध्याकाळी लाइन ४८.७ वर होती आणि जनरेटर नव्हता. माझे सेल उतरत गेले, रेकॉर्ड करताना फीत हळू होत गेली, म्हणून आज वाजवताना सूर चढतो. घरघरीवर विसंबून ५० ला नेलं असतं तर पहिल्याच गाण्याचा ए ४५२ झाला असता.

तारतंत्री

४८.७. जानेवारीतली संध्याकाळ, अगदी शोभतो आकडा. तुमच्या कॅसेटवर आमच्या टेबलावरचा काटाही रेकॉर्ड झालाय. मला फार बरं वाटलं.

रिळवाला

सुंदर. आता एक सूचना. उतार सरळ रेषेत धरू नका. त्या यंत्रांमध्ये मोटरचा वेग धरून ठेवणारं सर्किट असायचं. सेल बऱ्यापैकी उतरेपर्यंत ते तग धरतं, मग शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत झपकन वेग जातो. दर दोन-तीन मिनिटांनी कीबोर्डचा सूर सापडेल तिथे मोजा आणि त्या बिंदूंमधून वक्र काढा. मूळ फाइलला हात लावू नका, हे सगळं तिच्या प्रतीवर.

युवा_ध्वनी

एवढी मेहनत घेतलीच आहे तर एआयने गायन, ड्रम, गिटार वेगवेगळे करून गर्दीचा आवाज काढून टाका. आजच्या मुलांना हिस्स (फितीची सूं-सूं) असलेलं रेकॉर्डिंग ऐकायची सवय नाही. कुणी ऐकलंच नाही तर वाचवून काय उपयोग?

खामलेकर

करून पाहिलं. एका गाण्यावर. गर्दी गेली, पण झांजा पाण्यात बुडवल्यासारख्या झाल्या आणि गायकाच्या आवाजाला धातूची धार आली.

आणि मला ती गर्दी हवी आहे. दुसऱ्या गाण्याआधी माझ्या मागचा कोणीतरी म्हणतो, "अबे खाली बस नं, दिसून नाही राहिलं." ड्रमचा जोराचा ठोका पडला की यंत्र आपोआप आवाज खाली घेतं आणि मग पुढच्या दोन सेकंदांत गर्दी हळूहळू वर येते, लाटेसारखी. त्या टू-इन-वनची ती सवय होती. ठोक्यानंतरची जास्तच खालची जागा मी हाताने थोडी उचलली आहे. हिस्स तसाच ठेवला.

युवा_ध्वनी

मान्य नाही, पण तुमचं रेकॉर्डिंग आहे. मूळ फाइल ठेवलीत तर पुढे कुणीतरी चांगल्या साधनांनी करील.

संत्रानगरी

"खाली बस नं" म्हणणारा आमच्याच पाचांतला असू शकते! टाका हो कुठेतरी लवकर, ऐकायचं आहे.

ॲड_धंतोली

टाकण्याआधी दोन शब्द. रेकॉर्डिंग तुम्ही केलंत, पण वाजवलं त्यांनी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ खाली सादर करणाऱ्या कलाकाराचा स्वतंत्र हक्क आहे आणि तो सादरीकरणानंतर ५० वर्षं टिकतो. १९९४ चा कार्यक्रम म्हणजे २०४४ संपेपर्यंत. त्यांच्यापैकी प्रत्येकाची लेखी परवानगी घ्या, ईमेल चालेल. त्यांनी दुसऱ्या बँडची गाणी वाजवली असतील तर त्या गाण्यांच्या रचनाकारांचा हक्क वेगळा, तो हयातभर आणि नंतर ६० वर्षं. ती गाणी घरच्या संग्रहात ठेवा. त्यांची स्वतःची गाणी असतील तर ती त्यांच्या संमतीने खुशाल द्या.

रिळवाला

याला मी पूर्ण दुजोरा देतो. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडने १९८४ मध्ये रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच ठेवायला सुरुवात केली. रेकॉर्ड करा, वाटा, विकू मात्र नका. इंटरनेट अर्काइव्हवरचा लाइव्ह म्युझिकचा संग्रह २००२ पासून त्याच रीतीवर चालतो, बँडची परवानगी असेल तरच घेतात. आपल्याकडे इंडियन ओशन या बँडचा १९९७ चा 'डेझर्ट रेन' हा अल्बमच मुळात एका लाइव्ह कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे. बघा, बँडने स्वतः पुढे केलं तर असं रेकॉर्डिंग कुठवर जातं.

देताना फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गाळता लहान केलेली फाइल) द्या, एमपी३ मध्ये नको. एमपी३ वरून एमपी३ झालं की दर वेळी काहीतरी झडतं. सोबत साध्या मजकुराची एक फाइल ठेवा: कुठलं यंत्र, कुठली फीत, माइक कुठे होता, डेक कुठला, वेग कसा सुधारला, काय बदललं. तिसऱ्या बांबूपाशी खुर्चीवर, हेसुद्धा लिहा.

खामलेकर

पाचांपैकी चौघांचे नंबर होते, चौघांनीही होकार दिला. ड्रमर कॅनडात आहे, त्याची बायको म्हणाली रात्री दोनदा ऐकलं त्यांनी. गायकाने एक गाणं वगळायला सांगितलं. ते त्याने कोणासाठी तरी लिहिलं होतं आणि आता ते त्याला बाहेर नको आहे. काढलं. मूळ फाइलमध्ये राहील, त्याच्याकडेही एक प्रत पाठवली.

कीबोर्डवाला मात्र सापडत नाही. वर्ध्याचा होता एवढंच आठवतं.

वर्धेकर

संत्रानगरी यांनी दुवा पाठवला, म्हणून आज इथे खातं उघडलं. कीबोर्ड मीच वाजवायचो.

खामलेकर, तू खुर्चीवर टू-इन-वन ठेवून दोन्ही हातांनी बाजूच्या पोरांना मागे ढकलत उभा असायचास, ते मला स्टेजवरून दिसायचं.

परवानगी आहे, आनंदाने. एक मात्र तपासून घे. त्या कॅसिओच्या मागे सूर बारीक वर-खाली करायचा गोल खटका होता. तो मधोमध नसेल तर तुझा ४४० चुकेल. कीबोर्ड अजून माझ्याकडे आहे, भाचीने शिकायला नेला होता तो परत आला. खटक्यावर मी तेव्हाच एम-सील लावलं होतं, कारण प्रवासात तो हलायचा. ते अजून तसंच आहे. काल फोनवर ट्यूनर लावून मधला ए दाबला. ४४१ दाखवतो.

खामलेकर

वर्धेकर!!

फोन नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

४४१ घेऊन पुन्हा हिशोब केला. सुरुवातीला ०.७ टक्के, शेवटी ३.९. घरघर ४८.८ वर येते. सगळा वक्र थोडासा खाली सरकवावा लागेल, आज रात्री करतो.

तारतंत्री

४८.८ पण चालेल.

खामलेकर

चौथ्या कॅसेटला नवी पट्टी बसवली. 'अ' बाजू सुखरूप उतरली, 'ब' बाजू उद्या पहाटे लावतो. दिवसा कूलर सुरू झाला की लाइनवर टिचकी येते आणि ती रेकॉर्डिंगमध्ये उतरते. वर्धेकर रविवारी कीबोर्ड घेऊन येतोय. पाचवी अजून डब्यात वाळतेय.